उभ्या विमानाची दिशा

जुलैचे चार दिवस उरले होते आणि व्हेंडेलिनचं विमान उत्तर कुठे आहे ते सांगायला तयार नव्हतं.

विमान म्हणजे त्याने एकोणीस वर्षं खपून घरामागच्या कोठारात बांधलेलं, दोन माणसांचं, पिवळं. त्याचं वय शहात्तर, आणि डाव्या डोळ्यापुढे आता कायमचं धुकं. डॉक्टरांनी उड्डाणासाठी जुलैअखेरपर्यंतचा दाखला दिला होता, आणि पुढचा मिळणार नाही हेही तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे या चार दिवसांत विमान निघालं तर तो उडवणार. नाहीतर पहिल्यांदा दुसराच कोणीतरी उडवणार आणि हा गवतावर उभा राहून बघणार. तपासनीस कुबेशोव्हाबाईंनी बाकी सगळं मान्य केलं होतं. अडलं होतं ते फक्त दिशादर्शकापाशी.

तो माझ्या गळ्यात पडला, कारण आमच्या फ्लाइंग क्लबात वायरिंगचं काम चाळीस वर्षं मीच बघतो. मी ओताकर. माझी जीभ तिखट आहे, असं माझी बायको सांगते आणि सून नुसती बघते.

व्हेंडेलिनशी माझी दोस्ती जुनी आणि भांडण अकरा वर्षांचं. त्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या विमानाचा डावा पंख पत्रा लावून बंद केला. पंख बंद करण्याआधी ज्यांनी हात लावला त्यांनी आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने नाव लिहायचं आणि मग प्लमच्या दारूचा एकेक पेला घ्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. नावं लिहिली, पत्रा ठोकला, पेले झाले, आणि घरी येऊन बघतो तर माझं चुंबक नाही. पेनाएवढी दांडी, टोकाला चुंबक. अडचणीत पडलेला नट उचलायला तिच्यासारखी वस्तू नाही. ती माझ्या वडिलांची होती. कोठारात तर आम्ही दोघंच होतो. मी क्लबच्या खानावळीत सगळ्यांदेखत त्याला जाब विचारला. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि रस्सा खात राहिला. नाताळात त्याने मला नवं चुंबक आणून दिलं, ते मी कबुलीजबाब समजलो. तेव्हापासून दर रविवारी बिअरचा पहिला घोट घेतला की मी मोठ्याने विचारायचो, "काय व्हेंडेलिन, चुंबक सापडलं का?" बाकं हसायची. तोही हसल्यासारखं करायचा.

तर दिशादर्शक. पंखाच्या टोकाशी काडेपेटीएवढी डबी बसवलेली असते. ती पृथ्वीची उत्तरेकडची ओढ ओळखते आणि चालकासमोरच्या पडद्यावर अंश दाखवते. आम्ही दोन दिवस विमान ढकलत गवतावरच्या चुन्याच्या वर्तुळात फिरवलं, तीस अंश, साठ, नव्वद. सकाळी जुळवलेले आकडे दुपारी बिघडायचे. मी डबी बदलली. तारा बदलल्या. दिवा, रेडिओ, पंप एकेक करून बंद केला. डबीला शिव्या घातल्या, मग तिच्या कंपनीला, मग व्हेंडेलिनला. तो म्हणाला, "शिव्यांनी उत्तर दिशा सापडत असती तर तुझ्या घरी चार असत्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी उकाड्याने सगळं मैदान पेंगत होतं. लिंडेनच्या फुलांचा वास येत होता आणि मधमाश्यांचा एकच लांब सूर लागला होता. व्हेंडेलिन आत बसला होता, डोळे मिटून. मी काठावर कोपर टेकून उभा होतो, निम्मा झोपेत. त्याचा हात विमान वळवायच्या दांड्यावर होता आणि तो दांडा हळूहळू डावीकडे जायचा, थांबायचा, उजवीकडे यायचा. पडद्यावर आकडे वाहत होते. दोनशे सत्तर, दोनशे साठ, पुन्हा दोनशे सत्तर, दोनशे ऐंशी. चाकांना ठोकळे लावलेले, गवताची पातीसुद्धा हलत नव्हती, आणि विमान वळत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं, तो वर गेलाय, खाली शेतं सरकताहेत, आणि मीही कुठेतरी सोबत आहे. किती छान वाटलं ते सांगता येत नाही.

मग मी जागा झालो. दांडा हलला की आकडा हलत होता. म्हणजे पंखात दांड्याबरोबर काहीतरी फिरत होतं.

"पुन्हा डावीकडे ने."

"कशाला उठवलंस?" तो म्हणाला. "आत्ता नदीपाशी पोचलो होतो."

पंखाच्या खालचं झाकण काढून मी आरसा आणि बॅटरी आत घातली. दांड्याबरोबर फिरणारा पंखातला सांधा तिथेच होता, तो आम्ही दरवर्षी खालून तपासायचो. वरची बाजू कोणी बघितली नव्हती. त्या बाजूला, डबीपासून वीतभर अंतरावर, पोलादी बोल्टला पेनाएवढी दांडी चिकटून बसली होती. आणि तिच्या वर पत्र्यावर, आरशात उलटं, माझं नाव.

सगळं आठवलं. एक वायसर पडला होता, तो मी उचलला होता. मग व्हेंडेलिनने पेन्सिल पुढे केली. सही करायला हात मोकळा हवा म्हणून मी चुंबक क्षणभर तिथे टेकवलं.

ते जरा सरकलं असतं तर हवेत सांधा अडकला असता. आणि व्हेंडेलिन हेच विमान उडवायला निघाला होता. मी तिथेच गवतावर बसलो.

त्याने आत हात घालून दांडी काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या खिशात ठेवली. "नीट ठेव," एवढंच म्हणाला. झाकण लावताना त्याने मला थांबवलं. "हात दाखव. दोन्ही." मी दाखवले. एकात आरसा, दुसऱ्यात बॅटरी.

दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, वर्तुळात सगळे आकडे जुळले. कुबेशोव्हाबाईंनी सही केली. संध्याकाळी सहाला तो एकटाच वर गेला, कारण पहिल्या उड्डाणाला दुसरा माणूस घेत नाहीत. मैदानाच्या रेडिओवर मी होतो. खानावळीबाहेरच्या बाकांवर सगळा क्लब बसला होता आणि भोंग्यातून सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. पिवळं विमान तळ्यावरून गेलं, इतकं सावकाश की थांबलंय असं वाटावं.

"दिशा दोनशे सत्तर," व्हेंडेलिनचा आवाज आला. "आकडा स्थिर आहे." मग तो म्हणाला, "काय ओताकर, चुंबक सापडलं का?"

बाकं सवयीने हसली.

मी बटण दाबलं. "सापडलं. तू घेतलं नव्हतंस, व्हेंडेलिन. तुझ्या पंखात मीच विसरलो होतो. अकरा वर्षं तुला सगळ्यांसमोर चोर म्हणालो. चुकलो मी."

बाकांवर कोणी हसलं नाही. कोणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. भोंगा खरखरत राहिला, आणि मी बटणावरचं बोट काढून वर बघत उभा होतो.

"ऐकलं," तो म्हणाला. "आता जरा गप्प बस. नदी आली."