हंगामाचे पेढे

अपूर्व कंबरेत वाकला, दोन्ही हातांनी चेंडू धरला आणि स्वतःच्या पायांमधून मागे पाहिलं. मागे लांबवर चेंडू झेलायला कप्तान गॅरेथ उभा होता. त्याच्याही मागे, गोलपोस्टच्या खांबाशी, जांभळा कोट घातलेली अपूर्वची आई उलटी दिसत होती. तिच्या हातात आइस्क्रीमचा जुना डबा होता.

त्याने पायांमधून मागे फेकलेला चेंडू गॅरेथच्या डोक्यावरून गेला. समोरच्यांनी तो उचलून पळवला आणि आणखी सहा गुण घेतले.

मँचेस्टरमधल्या या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २००६च्या हंगामातला हा शेवटचा सामना. आधीचे सगळे ते हरले होते, आणि तेही इतक्या इमानेइतबारे की समोरच्या संघांना यांची दया यायची. हे साऱ्या कॉलेजला माहीत होतं, फक्त तिकडे लंडनच्या स्टॅनमोर भागात राहणाऱ्या त्याच्या आईला, मीनाक्षीला नव्हतं. पहिल्या रविवारी तिने फोनवर विचारलं, तेव्हा अपूर्व म्हणाला होता, "जिंकलो." हाडं मोडून घ्यायची आणि वर हरायचं, मग सोड की ते, असं ती म्हणेल ही त्याला धास्ती. एका थापेवर दुसरी चढत गेली. दर रविवारी जिंकलो.

आणि आज ती न सांगता आली होती. डब्यात पेढेच असणार, ते त्याने चिखलात पडल्या पडल्या ओळखलं. चोराच्या मनात चांदणं. जिंकणाऱ्या पोरांना वाटायला आणलेत, दुसरं काय! आता सगळ्यांसमोर बिंग फुटणार. निदान हा एक सामना तरी जिंकू दे, म्हणून त्याने देवाचा धावा केला. देवाने ऐकलं नाही. ते हरले, आणि सपाटून हरले.

शिट्टी वाजली तशी मीनाक्षी चिखल तुडवत पोरांच्या घोळक्यात शिरली. "टेक, टेक," म्हणत तिने डबा पुढे केला. मनगटाला पट्टी बांधलेल्या एका पोराला तर तिने न विचारता दोन दिले. गॅरेथने पेढा हातात धरून विचारलं, हे कशाबद्दल?

अपूर्वचे कान तापले. तो आईला बाजूला घेऊन गेला. गडबडला की त्याची मराठी घसरायची.

"आई, आम्ही जिंकलो नाही. आज नाही, आणि... कधीच नाही. होल सीझन. मी खोटा बोललो."

"ठाऊक आहे मला."

"मग हा पेढे?"

"अरे, जिंकल्याचे नाहीत हे. तू खेळायला लागलास तेव्हा गणपतीला बोलले होते, पोरगा हंगामभर धडधाकट राहिला तर त्याच्या सगळ्या टीमला पेढे वाटीन." तिने त्याचा खांदा दाबून पाहिला, मग कोपर, मग एकेक बोट. "आहेस ना शाबूत?"

"हो. पण तुला कळलं कसं?"

मीनाक्षीने डब्याचं झाकण लावलं.

"लहानपणी कॅरममध्ये जिंकलास तरी अख्खा डाव परत ऐकवून डोकं खायचास माझं. इथे जिंकलो म्हणायचास आणि फोन ठेवून द्यायचास. मी रविवारी आमटी लवकर उरकून बसायचे रे फोनपाशी."

अपूर्वला फार वाईट वाटलं. सॉरी म्हणावं असं वाटलं, पण तो शब्द फारच तोकडा होता. तो नुसताच हेल्मेटवरचा चिखल खरवडत राहिला.

"पुढच्या वर्षी हरलास तर हरलो म्हण," ती म्हणाली. "निदान दोन शब्द बोलशील तरी."

बाकीची पोरं कपडे बदलायला निघाली होती. गॅरेथने लांबून हाक मारली. अपूर्वने त्याला पुढे जायची खूण केली, सामानाची मोठी बॅग ओढून आईला बसायला दिली आणि स्वतः तिच्यासमोर ओल्या गवतात फतकल मारली.

"पहिल्या मॅचला काय झालं, माहितीये?" तो म्हणाला. "पण तुझी ट्रेन?"

मीनाक्षीने मनगटावरचं घड्याळ कोटाच्या बाहीत सरकवलं.

"सांग तू."