काओ गुरुजीचं लाल बोट

समुद्रदेवीच्या देवळासमोर त्या सकाळी अख्खं बंदर लोटलं होतं. मासळीचा लिलाव सोडून बाया आल्या होत्या, आणि पलीकडे माझ्या आरोग्य केंद्रात चिटपाखरू नव्हतं. मी इथली नर्स. उघड सांगते, काओ गुरुजीची गर्दी पाहून माझा जळफळाट झाला.

गुरुजीच्या अंगात देवी यायची. नवऱ्याला नादी लावून घरात आजार आणल्याचा जिच्यावर संशय, तिचं नाव पिवळ्या कागदावर लिहायचं, पाणी शिंपडायचं, मग गुरुजी बोट टेकवणार. बाई पापी असेल तर कागदावर रक्त उमटायचं. तो कागद जाळून राख पाण्यातून प्यायची, की आजार जिचा तिला परत.

सगळ्यात पुढे फूमेई होती, पोटुशी. तिच्या रक्तात गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली होती. इंजेक्शनं घेतली तर बाळ वाचलं असतं, पण ना ती फिरकली, ना तिचा नवरा जिनफू.

"चल गं," मी तिच्या कानाशी म्हटलं. "उशीर केलास तर बाळ हाती लागायचं नाही."

"तुमची सुई त्या सटवीचं नाव सांगते का, सिस्टर?" ती सगळ्यांदेखत फणकारली. "झोप उडालीय माझी. आधी नाव, मग सुई."

गुरुजी घुमला. "देवी बघतेय! देवीपासून काय लपतंय?" त्यानं बोट टेकवलं आणि सुपारीवाल्या आचिनच्या नावावर लालभडक डाग उमटला. फूमेईनं पायातला गमबूट काढला.

आचिन गर्दीतच होती. "अगं बये, तुझ्या नवऱ्याला डिझेलचा वास मारतो, मी टपरीला टेकूसुद्धा देत नाही. आणि गुरुजी, तुम्ही सुपारी सोडून नुसता चुना नेता रोज, तो कशाला हो?"

मी कागद हुंगला. हळद! पिशवीतला स्पिरिटचा बोळा काढून गुरुजीचं बोट स्वच्छ पुसलं. "आता टेकवा."

कागद पिवळाच राहिला. देवी रुसली म्हणे. मग मी आचिनचा चुना माझ्याच बोटाला लावला आणि कागदावर खुद्द गुरुजीचं नाव लिहून टेकवलं. लाल! हळदीला चुना लागला की लाल होणारच, नाव कुणाचंही असो. आणि आचिनच्या नावानं फूमेई लिलावात रोज बोटं मोडायची, ते गुरुजीनं ऐकलं होतं.

सगळे हसले. फूमेई हसली नाही. "मग कोण, सिस्टर?"

"ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. तुझं तरी कुणाला सांगितलं का? रक्त आजार दाखवतं, दोष कुणाचा ते नाही. नवऱ्याशी भांडायला जन्म पडलाय, बाळाला तेवढी सवड नाही."

दुपारी तिनं जिनफूला कॉलर धरून आणलं. तपासणीला आचिनही आली होती. बाकावर तिच्या शेजारी जागा रिकामी होती, जिनफू तिकडे वळताच फूमेई मधे जाऊन बसली.

मत्सरावर माझ्याकडे औषध नाही. बायांनो, संशय खुशाल घ्या, पण कागदाला विचारू नका, रक्त तपासा. फूमेईची नजर आचिनवरून हटत नव्हती. पण बाही तिनं आपणहून वर केली.