कार्यक्रमापुरती वीज

"पट्टा चढवू नका, मालूबाई," वायरमन सुदर्शन खांबावरूनच म्हणाला. "पाहुणे बटण दाबतील, फोटो निघेल, की मी वायर काढणार. कार्यक्रमापुरतीच जोडायला सांगितलीय."

मालूनं ऐकलं आणि गिरणीचा पट्टा चढवला.

पोशेऱ्यातली ही गिरणी तिच्या नवऱ्यानं, नवसूनं घातली होती. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उमेदीची वर्षं घालवून त्यानं ती उभी केली, आणि वर्षभर चालवून तो तापानं गेला. मालूनं ती पुढे रेटली. पण विजेचं बिल दळणाच्या कमाईला खाऊ लागलं. ते थकलं, तशी लाइन तोडली. तेव्हापासून बायका नाचणीची पाटी डोक्यावर घेऊन मोखाड्यापर्यंत चालत होत्या.

मग सरकारनं जाहीर केलं, ज्यांना बिल झेपत नाही अशा छोट्या गिरण्यांना सवलत मिळेल. मालू जव्हारला वीज कार्यालयात गेली.

"थकबाकीदारांना सवलत नाही," साहेब म्हणाले. "आधी सगळं बिल भरा."

"भरता आलं असतं तं इथं कशाला आली असती, सायेब?"

साहेबांनी चहाचा कप उचलला. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता.

आणि त्याच साहेबांनी आता योजनेच्या कार्यक्रमाला मालूचीच गिरणी निवडली होती. सवलत मिळालेल्या गिरण्या आडबाजूच्या पाड्यांवर होत्या. मालूची रस्त्यालगत होती, दारापर्यंत गाडी येत होती. एवढीच तिची पात्रता.

शेजारच्या गोदीनं सकाळीच पाड्यावर सांगून ठेवलं होतं, "मालूची गिरणी आज चालनार हाय." बायका पाट्या घेऊन आल्या. मांडव भरलेला पाहून साहेब खूश झाले. माणसं भाषण ऐकायला येतात, असं त्यांना नोकरीच्या इतक्या वर्षांनंतरही वाटत होतं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. फोटो निघाला. पाहुणे माइककडे वळले आणि मालूनं पहिली पाटी गिरणीच्या तोंडात रिकामी केली.

गिरणी घरघरली. तिनं वीज ओढली, तसा बाहेर माइकचा आवाज बसला, मग घोगरा झाला, मग नुसता खरखरू लागला. मांडवातल्या बायका एकेक करून उठल्या आणि गिरणीच्या दाराशी रांगेत उभ्या राहिल्या.

साहेब आत आले. "बंद करा ते."

"तुमीच चालू केली."

"बाहेर कार्यक्रम चाललाय, बाई."

"हितं पन चाललाय." मालूनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. पीठ कोमट येतंय की जळतंय, ते ती बोटांनी पाहत होती.

"असं वागलात तर पुढे कधीच सवलत मिळायची नाही."

"मांगं कवा मिळाली?"

दारातल्या बायका हसल्या. साहेबांचा हात मेन स्विचकडे गेला, पण पाहुणे बघत होते आणि फोटोवालाही. साहेबांनी हात खिशात घातला. पिठानं पांढरे झालेले बूट आपटत ते बाहेर गेले. थोड्या वेळानं पाहुणे घसा ताणून सांगू लागले, की गिरणीचा हा आवाज म्हणजेच योजनेचं यश. साहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मालूनं ते दारातून पाहिलं आणि पिचकन बाहेर थुंकली.

हारतुरे झाले, नाश्ता झाला. गाड्या गेल्या तरी सुदर्शन खांबाशी बुटाची नाडी बांधत बसला होता. रांग बरीच सरली. मग त्याला वर चढावंच लागलं.

मोटार थांबली. पट्टा आणखी थोडा फिरला आणि लोंबला. गोदीची पाटी तेवढी अर्धी राहिली होती.

"राहू दे गं," गोदी म्हणाली. "उद्या जाईन मोखाड्याला."

"बस."

मालूनं कोपऱ्यातलं दगडी घरोट, हातानं दळायचं जातं, ओढून आणलं, पदरानं पुसलं, मूठभर नाचणी त्यात घातली. गोदी समोर बसली. दोघींनी एकाच खुंट्याला हात लावला. बाहेर माणसं मांडव उतरवत होती, आणि आत पीठ बारीक धारेनं कडेला पडू लागलं.