चौतीसच्या खाली सही

“शफीकभाई, तीनवरचा गोल भरला कावून?” साधना मॅडमनी विचारलं.

शिडीवरच्या शफीक पेंटरने वर्गाच्या भिंतीकडे पाहिलं. वर २x + १ > ७, त्याखाली x > ३, मग सुतात ओढलेली संख्यारेषा, आणि तीनवर काळाभोर ठिपका.

“तुमच्या कागदावर रिकामाच होता म्याडम. मले वाटलं, घाईत भराचा राहिला असन. अर्धवट काम मी सोडत नाई.”

चाळीस वर्षं त्याने भातकुलीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आल्यापासून बोलावणं यायचं ते फक्त शाळेचं. इथे तरी चूक नको म्हणून तो जिवापाड जपायचा, आणि चूक नेमकी गणितातच झाली. त्याला फार वाईट वाटलं.

मॅडमनी समजावलं, “तीनपेक्षा मोठा पाहिजे. सव्वातीन चालते, तीनच्या जरासा वर चालते. तीन स्वतः चालत नाही. म्हणून गोल रिकामा.”

“म्हंजे दारापर्यंत येऊ द्याचं, आत नाई घ्याचं.”

“हो, तसंच.”

शफीकने ब्रश फडक्याला पुसला. “मंग पास व्हाले पस्तीस लागते. पस्तीसवर कसा गोल?”

“भरलेला. पस्तीसवाला पास.”

“मले दहावीले गणितात चौतीस होते.”

ग्रेसचे मार्क इंग्रजीतच खर्ची पडले होते. निकालानंतर आठ दिवसांत वडिलांनी हातात ब्रश दिला आणि तो पुन्हा परीक्षेला बसला नाही. त्या एका मार्काची खंत अजून ओलीच होती.

मॅडमनी भिंतीच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. “तिथं दुसरं उदाहरण टाका. x पस्तीस किंवा त्याहून मोठा. पोरायले पटकन समजेल.”

त्याने तीनवरचा ठिपका आतून पांढरा केला. मग खाली दुसरी रेषा ओढली. तेहतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस. पस्तीसवर भरलेला गोल, तिथून उजवीकडे बाण. बाण चौतीसला शिवत नव्हता, तरी तो आकडा त्याने सगळ्यात निगुतीने काढला.

“सही राहिली शफीकभाई. त्या कोपऱ्यात करा ना, नेहमीसारखी.”

“आज कोपऱ्यात नाई.”

त्याने बारीक ब्रश घेतला, चौतीसच्या बरोबर खाली टेकवला आणि सावकाश लिहिलं : शफीक पेंटर, भातकुली.