मनगटावरचे हात

रंगमंचावर केस धरून फरफटवायचं असेल, तर सगळी ताकद मार खाणारीची असते. ओढणाऱ्याच्या मनगटाला ती दोन्ही हातांनी लटकते. तो नुसता चालतो. ताईने हे मला शिकवलं ते माझीच वेणी धरून. आई ओरडली होती, "अगं, हिचं अजून लग्न व्हायचंय!"

म्हणून कारखान्याचा मालक ताईच्या माहितीपटातल्या एका चित्रणाला "नाटक" म्हणाला, तेव्हा ती हसली. त्याचे गुंड संपावरच्या एका बाईला केसांनी ओढत नेत होते. पायरीपायरीवर डोकं आपटत होतं. "तिचे हात बघ," ताई म्हणाली. हात पोटावर होते. पोटुशी होती ती.

ताईने माहितीपटाच्या निवेदनात तेच लिहिलं: 'तिचे हात मनगटावर नव्हते, पोटावर होते.' मालकाकडून फोन आला, "ते वाक्य काढ, नाहीतर तुला काढू."

"रांगेत या म्हणावं," ताई म्हणाली. "आधी समीक्षक उभे आहेत."

ताईच्या नाटकाच्या प्रयोगाला मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत होते, बाळाला पदराखाली घेऊन. शेवटच्या अंकात खलनायक ताईला ओढत नेतो. खलनायक म्हणजे भाऊजी, घरी झुरळालाही अहोजाहो करणारे. त्यांनी हात पुढे केला आणि समोरच्या विंगेतून तोंडं बांधलेले तिघे आले. पहिल्या फटक्यातच भाऊजी कोसळले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

एकाने ताईचे केस मुठीत धरले. ताईचे हात फळ्यांवर नखं रुतवत होते. मनगटावर नव्हते.

"याच हाताने लिहितेस ना?" दुसऱ्याने उजव्या बोटांवर बुटाची टाच दिली. बोटं मोडल्याचा आवाज मला विंगेत ऐकू आला. "वा!" कुणीतरी दाद दिली.

"पडदा पाडा!" व्यवस्थापक ओरडला.

मी त्याचा दंड धरला. पडद्याआड त्यांनी तिला संपवलंच असतं. "पडदा नको! सभागृहातले दिवे लावा, सगळे!"

उजेड पडला. टाळ्या विरल्या. पहिल्या रांगेतली एक आजी उठली. "अहो, बघताय काय? खरं रक्त आहे ते!" लोक खुर्च्यांवरून उड्या टाकत वर चढले. दोघे पळाले, तिसरा लोकांच्या पायांखाली आला.

ताईचं डोकं मी मांडीवर घेतलं. शेजारी बाळ रडत होतं.

"आधी त्याला पाज," फाटक्या ओठांनी ती म्हणाली. "मग लिहून घे. माझा उजवा गेला."

"काय लिहू?"

"तेच वाक्य. आणि पुढे आजचं."

बाळाला डाव्या कुशीत घेऊन मी उजवा हात मोकळा केला.