इस्त्रीला चिकटलेला चुंबक

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. आज मला एक टाचणीसुद्धा धड धरवत नाही, पण एके काळी माझा रुबाब काय होता म्हणून सांगू.

कारखान्यात धातूची भुकटी दाबून, भाजून मला घडवले. मग माझ्या अंगातल्या असंख्य इवल्या चुंबकांची तोंडे एकाच दिशेला वळवली. शाळेच्या प्रार्थनेला मुले रांगेत उभी राहतात ना, अगदी तशी. ती रांग हीच माझी ताकद. पुढे कितीतरी वर्षे मी एका संगणकाच्या पोटात काम केले. तो बिघडला तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने मला बाहेर काढले आणि शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या आपल्या सासूबाईंना दिले.

"आई, बोटं सांभाळा. हा चावतो," तो म्हणाला.

या आजींची नात नुकतीच रांगू लागली होती. लेक कामावर जाताना तिला दुकानात सोडायची, पण तिची एक अट होती.

"फरशीवर एक टाचणी जरी दिसली ना आई, तर हिला पाळणाघरात घालीन."

"दिसेल कशी? माझा पहारेकरी बघितलास का?" आजी मला मिरवत म्हणायच्या.

नात यायच्या आधी आजी मला दोरीला बांधून फरशीभर फिरवत. टाचण्या टुणटुण उड्या मारत येऊन मला बिलगत. मग मी हाताशी राहावा म्हणून त्या मला जड लोखंडी इस्त्रीला चिकटवून ठेवत.

इस्त्री तापली की मीही तापायचो. माझ्या रांगेतली मुले चुळबुळ करू लागायची. गार झाल्यावर काही जागेवर परतायची, काही मात्र पाठ फिरवून तशीच राहायची. मला हे जाणवत होते, पण सांगणार कसा? मला कमी टाचण्या चिकटू लागल्या, तेव्हा आजी खुशीत म्हणाल्या, "हल्ली माझा हात छान बसलाय. टाचण्या सांडतच नाहीत."

एका सकाळी मी एका टाचणीवरून गेलो. ती जराशी उठली आणि परत पडली. थोड्या वेळाने ती नातीच्या गुडघ्यात रुतली. लेक अजून दारातच होती. तिने टाचणी उपसली आणि रडणाऱ्या मुलीला खांद्यावर घेतले.

"अगं, मी फिरवला होता चुंबक," आजी म्हणाल्या.

"फिरवला असशील, आई." एवढेच बोलून ती गेली.

जावयाने मला किल्ली लावून पाहिली. ती खाली पडली.

"कुठं ठेवत होता याला?"

आजींनी इस्त्रीकडे बोट दाखवले.

"उष्णतेनं गेला हा. आता गार ठेवूनही पहिल्यासारखा व्हायचा नाही. तुम्हाला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

नात आता पाळणाघरात जाते. मी खिडकीत पडून असतो. मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला तापत्या वस्तूंपासून लांब ठेवा. कुणाला देणार असाल तर देतानाच हे सांगा.

आजी अजूनही रोज सकाळी गुडघ्यांवर बसून तळहाताने फरशी चाचपतात, एकेक टाचणी वेचतात. एखाद्या बाळाने खुशाल रांगावे, इतकी ती फरशी आता स्वच्छ असते.