कडूबाईंचा नेम

कडूबाईंनी गाठोडं सोडलं, एक भाकर काढली आणि गुडघ्यावर धरून मोडली. दोन दिवसांच्या थंडीत ती पापडासारखी कडक झाली होती. एकेक तुकडा तांब्यातल्या पाण्यात बुडवून त्या ठेच्याशी खाऊ लागल्या. पाणीही त्यांनी सकाळी गल्लीतल्या आडावरून स्वतः शेंदून आणलेलं.

चुलीपुढे बसलेल्या मनकर्णेनं निखाऱ्यावरची भाकर उलटली. टम्म फुगलेली ती भाकर तिनं मुद्दाम आईला दिसेल अशी उभी करून ठेवली.

"माय, चतकोर खाऊन तर बघ. कुणाला सांगणार न्हाई मी."

"मला तर कळंल की."

"आता छबी झाली. अजून कसला नेम?"

"छबी माझी सोन्याची हाय गं. पर नेम नातवाचा. लेकीला पोरगा होईस्तोवर जावयाच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं न्हाई. माझ्या मायनं पाळला, मी पाळायले." तुकडा कसाबसा गिळून कडूबाई हसल्या. "पोरगा जरा लौकर कर बाई, दात हायेत तोवर."

मनकर्णाही हसली, पण तिचं लक्ष गाठोड्याकडे होतं. आत दोनच भाकरी उरल्या होत्या. त्या संपल्या की उद्या दुपारच्या गाडीनं माय परभणीला, तिथून पेडगावला. आल्या आल्याच तिनं तसं सांगून टाकलं होतं.

सासू-सासरे केव्हाच गेलेले. नवरा येलदरीच्या वीजघरात कामाला, पंधरा दिवसांनी एकदा घरी. सोनपेठच्या या दोन खोल्यांत मनकर्णा आणि दहा महिन्यांची छबी, दोघीच. ट्रंकेत साड्यांच्या खाली चार दिवसांपासून एक कागद पडून होता. इथलं पाणीसुद्धा न पिणाऱ्या बाईला इथंच राहा म्हणून कोणत्या तोंडानं म्हणायचं, हे तिला अजून सुचलं नव्हतं.

ऊन अंगणात उतरलं तशा कडूबाई पाय लांब करून बसल्या. पायांवर छबीला उताणं घेतलं आणि कोमट करडीचं तेल तिच्या छातीवर जिरवू लागल्या. छबी ओरडायची, मग हसायची, मग पुन्हा ओरडायची.

"आजीवर गेली. हसावं का रडावं, हिचं हिलाच कळंना," कडूबाई म्हणाल्या.

मनकर्णा आत गेली आणि कागद घेऊन आली.

"माय, मास्तरणीची ऑर्डर आली मला. इथल्याच पोरींच्या शाळेत. सोमवारी हजर व्हायचं."

कडूबाईंचे हात छबीच्या पोटावर थांबले.

"आन् ही?"

"तेच तर. हिला बघायला कुणी न्हाई. म्हणून येत न्हाई असं कळवून टाकते." मनकर्णेनं कागदाची घडी घालायला घेतली. एकदा चुकली, पुन्हा घातली.

"थांब. दाखव इकडं."

कडूबाईंना वाचता येत नव्हतं. तेलकट हात कागदापासून लांब धरून त्या वाकल्या.

"तुझं नाव कुठं हाय?"

मनकर्णेनं बोट ठेवलं. "हे. मनकर्णा चंद्रभान कदम."

"जावई मधी?"

"मधीच असतंय ते."

"म्हंजी पयलं तुझं."

"हो."

"पुन्ना वाच."

तिनं पुन्हा वाचलं. छबीनं कागदाकडे झेप घेतली, तेव्हा कडूबाईंनी कोपरानंच तिला अडवलं. मग त्या पुन्हा तेल चोळू लागल्या. दोन्ही पाय झाले, दोन्ही हात झाले. पोरीला पालथं करून पाठही झाली.

"नेम जावयाच्या घरचा हाय," शेवटी त्या म्हणाल्या, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारख्या. "लेकीच्या कमाईचं माझ्या मायला ठावच नव्हतं. तिनं त्याचा नेम तरी कुठून करावा?"

मनकर्णा कागदाची घडी घालत राहिली. आईला मधेच थांबवलं तर ती आली तशी माघारी फिरेल, असं तिला वाटलं.

कडूबाईंनी छबीला फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं, पदराला हात पुसले आणि गुडघ्यावर भार देत उठल्या. आत गेल्या. भांड्यावरचं झाकण सरकलं. मग ताटाचा आवाज आला. मनकर्णा उन्हात बसून राहिली. पोरगी तिच्या मांडीवर पेंगायला लागली होती.

"भाजी अळणी केलीस की गं!" आतून आवाज आला. "मीठ कुठं ठेवतीस?"

मनकर्णेनं पेंगणाऱ्या छबीला छातीशी धरलं.

"वरच्या फळीवर," ती म्हणाली. "कोपऱ्यातल्या बरणीत."

फळीवरची भांडी हलली. काहीतरी खाली पडलं, गडगडत गेलं.

"खाली आणून ठेव ती बरणी," कडूबाई म्हणाल्या. "माझा हात तिथं रोज रोज कुठं पुरायलाय?"